भट्टीमागचं घर

त्या घरातल्या दोन्ही सुनांना नावं होती, पण ती कागदोपत्री. घरात आणि गल्लीत थोरलीला थोरली आणि धाकटीला धाकटीच म्हणत, आणि दोघी त्याच हाकेला ओ देत. दोघींचं विशेष सख्य नव्हतं, पण भांडणही नव्हतं. एका चुलीवर दोन पातेली ठेवायची आणि एकमेकींना चटका लागणार नाही एवढं अंतर राखायचं, असा त्यांचा संसार चालला होता.

घर भट्टीच्या मागे होतं. रस्त्याच्या बाजूला पत्र्याची शेड, तिच्यामागे मातीचं अंगण आणि अंगणापलीकडे राहत्या खोल्या. शेडमध्ये गाड्यांच्या निकामी बॅटऱ्या यायच्या. त्या कुऱ्हाडीने फोडायच्या, आतलं ॲसिड गटारात सोडायचं, शिशाच्या काळ्या जाळ्या उपसून लोखंडी कढईत वितळवायच्या, वर आलेली मळी झाऱ्याने काढायची आणि खालचं चकचकीत शिसं साच्यात ओतून विटा पाडायच्या. धंदा सासऱ्यांनी सुरू केलेला. ते गेल्यावर थोरल्या मुलाने तो हातात घेतला. त्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली काम करायचा. गल्लीतली निम्मी घरं भट्टीवर पोसली जात होती. कुणी बॅटऱ्या गोळा करून आणी, कुणी फोडी, कुणी विटा गाडीत भरी. त्यामुळे धुराबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. वारा घराकडे वळला की बायका खिडक्या लावून घेत आणि वारा फिरला की उघडत.

धाकटीची मुलगी सात वर्षांची होती. रांगायला लागली तेव्हापासून ती एका जागी टिकेना, म्हणून आजीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. पण गेल्या काही महिन्यांत ही भिंगरी फिरायची थांबली होती. सकाळी उठली की पोट धरून बसायची. ताटातलं तसंच टाकायची. कुणी काही म्हटलं की अंगावर यायची. एकदा तर आईच्या हाताला कडकडून चावली. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला होता की मुलगी काल शिकवलेलं आज विसरते, घरी जरा लक्ष द्या.

"सोंगं आहेत सगळी," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या बापाचंही शाळेच्या वेळेलाच पोट दुखायचं. एक धपाटा घातला की बरं व्हायचं."

धाकटीने धपाटा घातला नाही, पण जंतांचं औषध दिलं. गुण आला नाही म्हणून पुन्हा दिलं. गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं, तिथल्या माणसाने रक्त वाढायची लाल बाटली दिली. ती संपली, तरी पोरीच्या चेहऱ्यावर रंग येईना.

घरात आणखी एक मूल होतं, थोरलीचा ढब्बू. वयाने तेरा, अंगाने थोराड, पण अजून बुटाच्या नाड्या बांधताना गोंधळायचा. बोलताना मध्येच अडायचा. साधा शब्द, बादली किंवा खिडकी, त्याला सापडत नसे आणि तो हाताने हवेत त्याचा आकार काढत राही. दोनदा एकाच वर्गात बसल्यावर शाळेतल्या पोरांनी त्याच्या नावातला 'ब्बू' काढून टाकला आणि नुसता 'ढ' ठेवला. त्यावर घरातही कधीकधी हसू व्हायचं, कारण ढब्बू स्वतःच त्यात हसायचा. हसत नसे ती फक्त थोरली. तिला ऐकून घ्यावं लागायचं. "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं," सासूबाई कुणाही पाहुण्यासमोर सांगत. "हिच्या माहेरी एक मामा तसाच होता म्हणे. रक्तच ते, कुठे जाणार?" थोरली मान खाली घालून हातातलं काम करत राही. तिने दुसरं मूल होऊ दिलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

त्या दिवशी शाळेतून माणूस धावत आला. भिंगरी रांगेत उभी असताना कोसळली होती. धाकटी पोचली तेव्हा बाईंनी तिला बाकावर झोपवलं होतं. तिने उलटी केली होती आणि डोळे उघडे असून ती आईला ओळखत नव्हती. क्षणभरच, पण तो क्षण धाकटीच्या काळजात रुतून बसला. बाईंनीच रिक्षा बोलावली आणि दोघी मिळून तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि फार दमलेली दिसत होती. गोड बोलणं तिला परवडत नसावं. तिने पोट दाबून पाहिलं, पापणी खाली ओढून पाहिली, पोरीला सरळ रेषेत चालायला लावलं. भिंगरी तीन पावलांत झोकांडली.

"किती दिवसांपासून असं आहे?"

"पोट तर बरेच महिने दुखतंय," धाकटी म्हणाली. "आम्हाला वाटलं, जंत असतील."

तेवढ्यात तिचा नवरा आला. भट्टीवरून तसाच पळत सुटला होता. शर्टावर राखाडी भुकटी, केसांत राखाडी भुकटी, नखांच्या कडा काळ्या. त्याने सरळ जाऊन मुलीला उचललं आणि छातीशी धरलं. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.

"तुम्ही काय काम करता?"

त्याने सांगितलं.

"तोंड उघडा."

"माझं?" तो गोंधळला. "आजारी ही आहे, बाई. मी ठणठणीत आहे."

"उघडा तर खरं."

त्याने शाळकरी पोरासारखा आ केला. डॉक्टरिणीने त्याचा खालचा ओठ बोटाने ओढला आणि धाकटीला जवळ बोलावलं. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाकाठाने, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. इतक्या वर्षांच्या संसारात धाकटीने ती पाहिली नव्हती. किंवा पाहिली असेल आणि विड्या ओढतो म्हणून, असं धरून चालली असेल.

"मुलीला खाली ठेवा," डॉक्टरीण म्हणाली. "आणि आधी जाऊन हातपाय धुऊन या. साबणाने."

भिंगरीला दाखल करून घेतलं; रक्ताचा निकाल यायला दोन दिवस लागले. भिंगरीच्या रक्तात शिसं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. डॉक्टरिणीने दोघांना समोर बसवून सांगितलं. ही भुकटी बापाच्या कपड्यांवरून येते, केसांवरून येते. अंगणातल्या मातीत बसते. वाऱ्याने उडून खिडकीच्या फळीवर, अंथरुणावर, ताटात येते. पोरं मातीत खेळतात, तीच बोटं तोंडात घालतात. मोठ्यांच्या अंगात जेवढं भिनतं त्याहून कितीतरी जास्त लहानांच्या अंगात भिनतं, कारण त्यांची हाडं अजून भरत असतात, मेंदू घडत असतो.

"औषध देते," ती म्हणाली. "त्याने शिसं बाहेर पडेल. पण मी एका दाराने काढायचं आणि घराने दुसऱ्या दाराने घालायचं, असं चालणार नाही. त्याच घरात परत नेणार असाल तर आत्ताच सांगा."

धाकटीच्या नवऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत तो घरी आला की भिंगरी त्याच्या खांद्यावर चढायची. तो आडवा झाला की त्याच्या छातीवर झोपायची, आणि घामाने शर्टाची छाप तिच्या गालावर उमटायची. धाकटी दोघांकडे बघून हसायची. मग तो शर्ट ती खिडकीत झटकायची आणि मुलीच्या फ्रॉकबरोबर एकाच बादलीत भिजवायची. आता तो दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी हात मांड्यांमध्ये दाबून बसला होता, जणू ते हात कुठे ठेवावेत हेच त्याला समजत नव्हतं.

"बाबा, तू रागावलास का?" भिंगरीने विचारलं.

"नाही गं, राणी."

"मग लांब का बसलास?"

तो उठून बाहेर गेला.

दुपारी धाकटी कपडे आणायला घरी आली तेव्हा सगळे स्वयंपाकघरात होते. दादा जेवत होता, सासूबाई वाढत होत्या, थोरली कोपऱ्यात भाजी चिरत होती. ढब्बू उंबऱ्यावर बसून खडे एकावर एक रचत होता. धाकटीने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. रस्ताभर शब्द जुळवत आली होती, पण तोंडातून ते डॉक्टरिणीचेच निघाले.

दादाने घास खाली ठेवला नाही. "कोण ही डॉक्टरीण? काल शिकून आलेली. आमचे बाबा जन्मभर याच भट्टीवर उभे होते. मी पाळण्यात असल्यापासून हा धूर खातोय. मेलो का मी?"

"मोठ्यांचं वेगळं असतं म्हणाल्या त्या, दादा. मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो."

"डोक्यावर!" सासूबाई म्हणाल्या. "धुराने डोकी बिघडायला लागली तर गल्लीतली सगळीच वेडी व्हायला हवीत. पोर अशक्त आहे, तिला दूध घाल. अंडं दे. धंद्याला नाट कशाला लावतेस?"

"मी नाट लावत नाही, आई. त्यांनी मला विचारलं, शाळेत मागे पडते का? चिडते का? बोलताना शब्द सापडत नाहीत का? मी सगळ्याला हो म्हटलं. त्या म्हणाल्या, हे सगळं त्यानेच होतं."

विळीचा आवाज थांबला.

"शब्द सापडत नाहीत म्हणजे?" थोरलीने विचारलं.

ती इतक्या हळू बोलली की धाकटीला आधी कळलंच नाही, कोण बोललं.

"म्हणजे... माहीत असतो शब्द. पण ऐन वेळी आठवत नाही."

थोरलीने उंबऱ्याकडे पाहिलं. ढब्बूचा खड्यांचा मनोरा पडला होता आणि तो पहिल्यापासून रचू लागला होता. दादानेही तिकडे पाहिलं. मग दादाने ताट बाजूला सारलं आणि हात न धुताच तो शेडकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी भिंगरीला पेज भरवत असताना वॉर्डच्या दारात थोरली उभी दिसली. अंगावर ठेवणीतली साडी, शेजारी भांग पाडलेला ढब्बू. घरात कुणाला न सांगता आली होती. धाकटीने तिला डॉक्टरिणीसमोर नेलं. थोरली खुर्चीवर बसेना.

"बाई, हा माझा मुलगा," ती म्हणाली. "माझ्या माहेरी एक मामा होता. तो जरा साधा होता. मला फक्त एवढं सांगा, याच्यात माझं रक्त आलंय का?"

डॉक्टरिणीने चष्मा काढला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

"तुमचं रक्त मला काय करायचंय? याचं तपासू."

निकाल आला तो भिंगरीहून वाईट होता. ढब्बू जन्मल्यापासून त्या अंगणात होता. आईच्या पोटात असल्यापासून म्हटलं तरी चालेल, कारण थोरली लग्न होऊन आली तेव्हा कामाला माणसं कमी होती आणि ती दिवस गेलेले असतानाही जाळ्या उपसायला बसायची. डॉक्टरिणीने ते ऐकून मान हलवली, पण दोषाची भाषा केली नाही. तिने एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. भिंगरी सुधारेल, बऱ्यापैकी सुधारेल. या मुलाच्या रक्तातलं शिसं कमी करता येईल, पुढचं नुकसान थांबवता येईल. झालेलं सगळं भरून येणार नाही.

"आणि किती शिशामुळे, किती नाही, ते मी वेगळं काढून दाखवू शकत नाही," ती म्हणाली. "खोटं सांगणार नाही."

थोरली वऱ्हांड्यात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती रडेल म्हणून धाकटीने तिचा दंड धरला. थोरली रडली नाही. तिच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. तो हसण्याचा आहे हे धाकटीला थोड्या वेळाने समजलं.

"मी दुसरं होऊ दिलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, माझंच रक्त नासकं, तर आणखी एकाला कशाला... ऐकतेस का? मी माझ्या मनानेच ठरवलं होतं."

एका घरात इतकी वर्षं राहून धाकटीने या बाईला कधी जेवलीस का म्हणूनही विचारलं नव्हतं. ती तिचा दंड धरून उभी राहिली एवढंच.

थोरली तिथून सरळ शेडमध्ये गेली. भिंगरीला दवाखान्यात बापावर सोपवून धाकटीही तिच्या मागोमाग गेली, कारण तिला एकटं सोडवेना. भात्याचा घरघर आवाज चालू होता, कढईत शिसं उकळत होतं आणि दादा मोठ्या पळीने ते साच्यात ओतत होता. थोरलीने ढब्बूला दारातच धाकटीजवळ ठेवलं आणि ती आत गेली.

"ऐकलं का," ती म्हणाली.

"काम चाललंय. मागे हो, उडेल अंगावर."

"उडू दे. आजवर माझ्या पदरात काय काय पडलं, हेही पडू दे. तुमच्या मुलाच्या रक्तात शिसं निघालंय. या कढईतलं. माझ्या माहेरचं नाही, माझ्या मामाचं नाही. इथलं."

काम करणारी माणसं हात थांबवून बघू लागली. दादाचा चेहरा भट्टीच्या उजेडात तांबडा दिसत होता, त्यामुळे त्याला राग आला की काय झालं ते कळत नव्हतं. त्याने पळी सोडली नाही. वितळलेलं शिसं अर्ध्यावर टाकता येत नाही; ते कढईला धरलं तर कढई फुकट जाते. तो साचे भरत राहिला. एक, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी कढई रिकामी झाली तेव्हा त्याने भाता बंद केला.

"मग काय करू?" तो म्हणाला. "सांग. काय करू मी? या सगळ्यांच्या घरच्या चुली या भट्टीवर पेटतात. तुझीही."

"चुलीचं मी बघेन. तुम्ही पोराकडे एकदा नीट बघा."

दादाने बघितलं नाही. त्याने पाठ फिरवली, मळीचं टोपलं उचललं आणि मागच्या ढिगावर नेऊन ओतलं. तो ढीग अंगणाच्या कडेला होता. सगळी पोरं तिथेच खेळायची.

धाकटीची एक मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिची माडीवरची खोली रिकामी होती. भिंगरीला दवाखान्यातून सोडलं तेव्हा धाकटी तिला घेऊन तिकडे गेली, आणि तिच्याबरोबर थोरलीही ढब्बूला घेऊन गेली. डॉक्टरिणीने बजावलं होतं म्हणून दोघींनी घरातलं काही नेलं नाही. कपडे नाहीत, अंथरूण नाही, खेळणी नाहीत. भिंगरीने एक फाटकी बाहुली मागितली, ती मिळाली नाही म्हणून तिने रस्ता डोक्यावर घेतला.

त्याआधी दोघी सांगायला घरी गेल्या, तेव्हा सासूबाई दारात आल्या.

"घर फोडून चाललात दोघी. लोक काय म्हणतील?" मग थोरलीकडे न बघता त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक होतं, असं काही असेल म्हणून?"

"ठाऊक नव्हतं, तर बोलायचं नव्हतं, आई," थोरली म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने त्यांना दिलेलं ते पहिलं उलट उत्तर होतं.

गल्लीने दोघींना नावं ठेवली. भट्टी बंद पडली तर खाणार काय, असं एकीने धाकटीला रस्त्यात अडवून विचारलं. ती बाई पोटतिडकीने बोलत होती. तिच्या कडेवरच्या पोराची मूठ मातीने भरलेली होती आणि ते ती चोखत होतं. धाकटीने त्या मुठीकडे बोट दाखवलं. बाईने पोराच्या हातावर चापट मारली आणि त्याची मूठ पदराने पुसत ती चालती झाली. दोन दिवसांनी ती दवाखान्याचा पत्ता विचारायला आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. ज्यांना निकाल मिळाले त्यांच्या घरी त्या रात्री चूल थंड राहिली. ज्यांनी तपासणी केली नाही त्या म्हणायच्या, कळून काय करायचंय? धाकटीला त्यांच्याही मनातलं कळत होतं. तिलाही वाटायचं, भिंगरी कोसळली तो दिवस आलाच नसता, आपण लाल बाटलीच देत राहिलो असतो, तर निदान झोप तरी लागली असती.

तिच्या नवऱ्याचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. एकीकडे थोरला भाऊ, ज्याने बापाच्या मागे त्याला वाढवलं, दुसरीकडे पोर. काही दिवस तो दोन्ही घरी जाऊन दोन्हीकडे गप्प बसायचा. एका दुपारी तो मावशीच्या नळावर अंग खसाखसा घासून आला, नवा कोरा शर्ट घालून जिन्यावर बसला आणि म्हणाला, "मी काम सोडलं. दादाला सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. नुसतं 'बरं' म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं." त्याने डोळे पुसले. "फर्निचरच्या दुकानात सामान पोचवायचं काम मिळतंय. भिंगरी कुठे आहे? तिला घेऊ का आता?"

"घे," धाकटी म्हणाली.

पुढच्या तपासणीत भिंगरीचा आकडा खाली आला. ती जेवू लागली. मावशीच्या जिन्यावरून ती पुन्हा धावत खाली उतरू लागली आणि मावशी पुन्हा पुन्हा ओरडू लागली. ते ओरडणं धाकटीला गोड वाटायचं. पाढे मात्र अजून मध्येच तुटत. ढब्बूचाही आकडा उतरला, पण तो तसाच होता. शब्द शोधायचा, सापडला नाही की हाताने आकार काढायचा. फरक एवढाच की आता थोरली त्याच्या तोंडचा शब्द आपण पुरवत नसे. वाट बघत बसायची. कधीकधी बराच वेळ.

दादा एके सकाळी आला. अंघोळ करून, केस चोपून बसवून आला होता, आणि तरीही खोलीत न येता दाराबाहेर उभा राहिला. त्याने भट्टी विझवली होती. गल्लीतल्या आठ मुलांचे निकाल आल्यावर कामावर माणूसच येईना, हे खरं कारण होतं की आणखी काही, ते त्याने सांगितलं नाही. गावाबाहेरच्या ओसाड माळावर जागा बघतोय म्हणाला; तिथे वस्ती नाही, पोरं नाहीत, काम झाल्यावर माणसं तिथेच अंघोळ करून घरी जातील.

"घरी चला," तो थोरलीला म्हणाला. "आई एकटी पडलीय."

"अंगण तसंच आहे," थोरली म्हणाली.

"शेड पाडली मी."

"अंगणातली माती तीच आहे ना? मी पोराला त्या मातीत नेणार नाही. ती काढा, मग बघू."

दादा गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आणि धाकट्या भावाने तोंडाला फडकी बांधून अंगण खणायला घेतलं. पाणी शिंपडायचं, खणायचं, पोत्यांत भरायचं. आठवडाभराने दोघी बघायला गेल्या तेव्हा घरासमोर कमरेएवढा खड्डा होता. सासूबाई खिडकी लावून आत बसल्या होत्या. खड्ड्याच्या कडेला, भिंतीला लागून, ताडपत्रीखाली पोत्यांची रांग उभी होती. तोंडं दोरीने आवळलेली.

"झालं," दादा म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "उद्या ट्रक सांगितलाय. नदीकाठी नेऊन ओततो."

थोरलीने पोत्यांकडे पाहिलं. "नदीकाठी कुणी राहत नाही?"

"पुलाखाली झोपड्या आहेत. पण त्या जरा लांब आहेत."

"मग नको."

"मग खदानीत टाकतो."

"खदानीचं पाणी खालच्या वस्तीत जातं," धाकटीचा नवरा म्हणाला. फर्निचर पोचवताना त्याचं तिकडे जाणं होत होतं.

दादा फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. कुणीतरी पुढचं बोलेल म्हणून त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. धाकटीने आठवून पाहिलं. तिला माहीत असलेली प्रत्येक मोकळी जागा तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि प्रत्येक जागी कुणाची ना कुणाची पोरं होती. डॉक्टरिणीला विचारू, ती म्हणाली. सरकारी माणसाला विचारू. कुणीतरी सांगेल.

दादाने ट्रकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग त्याने ताडपत्री नीट ओढून घेतली, तिच्या कडांवर विटा ठेवल्या आणि वारा आत शिरणार नाही ना, ते वाकून बघत राहिला.